ग्वाल्हेरचा किल्ला : गाईडच्या मागून एक दिवस

ज्या गावचे देऊळ प्रसिद्ध, त्या गावच्या लोकांना देवदर्शन सर्वांत शेवटी घडते, असा अनुभव आहे. किल्ल्यांच्या बाबतीतही तेच. लष्करमधील आमच्या घराच्या गच्चीवरून ग्वाल्हेरचा किल्ला चांगला दिसतो. उन्हाळ्यात कुरडया वाळत घालताना तो समोर असतो. पावसाळ्यात ढगांनी झाकला जातो, तेव्हा काहीतरी चुकल्यासारखे वाटते. पाहुणे आले म्हणजे त्यांना गच्चीवर नेऊन आम्ही बोटाने दाखवितो, "तो पाहा किल्ला", आणि कर्तव्य पार पडल्याच्या समाधानाने चहा ठेवतो.

शाळेच्या सहलीत एकदा आणि लग्नानंतर एकदा, असा तो मी पाहिला होता. पण माहीतगार माणूस बरोबर घेऊन, दिवसभर पायपीट करून, असा कधी पाहिला नव्हता. घरचाच किल्ला, त्याला गाईड कशाला, अशी समजूत. ती समजूत दूर होण्यास वडोदऱ्याहून माझी मावशी यावी लागली. मावशीचा जन्म लष्करचा. लग्न होऊन ती वडोदऱ्याला गेली, त्याला पन्नास वर्षे उलटली. हिवाळ्यात ती आपली पंधरा वर्षांची नात आणि बारा वर्षांचा नातू यांना घेऊन माहेर दाखवावयास आली. नातू चौकस. "आजी, किल्ला नीट सांगणारे कोणी नाही का?" असे त्याने पहिल्याच दिवशी विचारले. मावशीने माझ्याकडे पाहिले, मी खाली पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी परवाना असलेला एक गाईड ठरविला.

पहिला प्रश्न

किल्ल्यावर जाण्याच्या दोन वाटा. पश्चिमेकडील उरवाई दरवाज्याने मोटार वर जाते. पूर्वेकडील ग्वाल्हेर दरवाज्याने मात्र पायीच चढावे लागते. मावशीचे गुडघे दुखतात, म्हणून ती ह्यांच्याबरोबर मोटारीने गेली. मुले आणि मी पूर्वेच्या वाटेने निघालो. वाट फरसबंदी आणि चांगलीच चढाची आहे. पायथ्याशी गुजरी महाल आहे. त्यातील पुराणवस्तुसंग्रहालय उघडावयास अवकाश होता, म्हणून गाईडने बाहेरूनच राजा मानसिंह तोमर आणि गुजर कन्या मृगनयनी यांची कथा सांगितली. आपल्या राई गावचे पाणी महालात आणून द्याल तरच लग्न करीन, अशी तिने अट घातली होती म्हणतात. आख्यायिका गोड आहे, आणि आपला गाईड ती रंगवून सांगतो.

कथा संपवून त्याने सहज विचारले, "आप लोग महाराष्ट्र से आए हैं?"

"नहीं, गुजरात से," नातू म्हणाला.

"पर बोल तो मराठी रहे हैं!"

मुलगा माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटले, "मी इथलीच, लष्करची." त्यावर गाईडचा पुढचा प्रश्न तयारच होता : "वो तो ठीक है, बहनजी. असल में कहाँ के?"

आमच्या घराण्याचे मूळ गाव साताऱ्याकडचे, असे वडील सांगत. ते गाव मी पाहिलेले नाही. वडिलांनीही पाहिले नव्हते. हा प्रश्न आपणा बृहन्महाराष्ट्रीयांना जन्मभर विचारला जातो, आणि दर वेळी आपण काहीतरी अर्धवट उत्तर देऊन पुढे चालू लागतो. त्या सकाळीही मी तेच केले.

शून्याचे देऊळ

आलमगीर दरवाजा, बादलगड दरवाजा, गणेश दरवाजा अशी एकामागून एक दारे ओलांडीत आम्ही लक्ष्मण दरवाज्याजवळ आलो. तिथे एका अखंड खडकातून कोरून काढलेले लहानसे चतुर्भुज मंदिर आहे. जाणारेयेणारे बहुतेक त्याकडे न पाहताच पुढे जातात. गाईडने आम्हाला मुद्दाम थांबविले. आतील शिलालेख विक्रम संवत ९३३, म्हणजे इ. स. ८७६ चा आहे. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन दिल्याची आणि रोज ५० माळा देवाला पोचविण्याची व्यवस्था केल्याची नोंद त्यात आहे. त्या २७० मधील आणि ५० मधील शून्य आज आपण लिहितो तसेच, वाटोळे आहे. नातवाने ते लगेच आपल्या वहीत उतरवून घेतले.

"दुनिया का पहला ज़ीरो," गाईड अभिमानाने म्हणाला. हे मात्र खरे नव्हे. कंबोडियातील इ. स. ६८३ च्या एका शिलालेखात शून्य सापडले आहे. तथापि आपल्या देशात, निश्चित सालाच्या दगडी लेखांत, हे अगदी जुन्यांपैकी आहे. आणि तेवढी थोरवी ह्या लहानशा देवळाला पुरे आहे. मी हे सांगितले तेव्हा गाईड रागावला नाही. "पर्यटकांना 'पहिले' हा शब्दच आवडतो," एवढेच तो हसून म्हणाला.

मला मात्र शून्यापेक्षा दुसरीच एक गोष्ट आठवत राहिली. हे मंदिर बांधविणारा अल्ल हा कनौजच्या भोज प्रतिहाराच्या काळी ह्या किल्ल्याचा कोट्टपाल होता. त्याचे घराणे लाट देशातील आनंदपूरचे होते. लाट म्हणजे गुजरातेकडचा मुलूख. म्हणजे अकराशे वर्षांपूर्वी ह्या किल्ल्याची राखण करणारा माणूसही दूरच्या घराण्यातला होता, नोकरीच्या निमित्ताने इथला झाला होता, आणि इथल्याच देवाच्या फुलांची व्यवस्था लावून गेला होता. नातवाला हे सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे आमच्याकडचा!" त्याचा आनंद पाहून मीही हसले.

मानमंदिर

हाथी पौरमधून आत शिरले की मानमंदिर समोर येते. डोंगर पायथ्यापासून सुमारे ३०० फूट उंच. त्याच्या पूर्वेच्या कड्यावर हा राजवाडा भिंतीतूनच उगवल्यासारखा उभा आहे. मानसिंह तोमराने इ. स. १४८६ ते १५१६ पर्यंत राज्य केले. हे त्याचेच काम. निळ्या, पिवळ्या, हिरव्या चकचकीत फरशांत बसविलेली बदके, हत्ती, मगरी आणि केळीची झाडे पाचशे वर्षांनंतरही डोळे निववितात. किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काळा कातळ आणि तोफा येतात. बदकांची रांग कोणी कल्पित नाही. मावशी वर येऊन थांबली होती. ती रांग पाहून म्हणाली, "लहानपणी आम्ही ही बदके मोजायचो. दर वेळी संख्या निराळी येई."

मानसिंह संगीताचा मोठा आश्रयदाता होता. ध्रुपदाला त्याच्या दरबारात मान मिळाला आणि 'मानकुतूहल' हा ग्रंथ त्याच्याच नावाने ओळखला जातो. तटावरून गाईडने लांबवर बोट केले. तिकडे सूफी संत महंमद गौस यांची भव्य कबर, आणि तिच्याजवळ तानसेनाची साधीच कबर आहे. इथवर त्याने उत्तम सांगितले. पण त्याची संगीताची गोष्ट तानसेनापाशीच संपली.

मग मी त्याला पुढची सांगितली. हद्दूखाँ-हस्सूखाँ यांची ख्यालगायकी ह्याच गावची. ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ती शिकले आणि दक्षिणेत घेऊन गेले. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर. आज पुण्या-मुंबईत ज्याला 'आपले' संगीत म्हणतात, त्याचा एक मोठा प्रवाह इथून तिकडे गेला आहे. इथे कृष्णराव शंकर पंडितांनी ती गायकी १९८९ साली आपल्या निधनापर्यंत सांभाळली. १९१८ साली भातखंड्यांच्या योजनेने इथे माधव संगीत विद्यालय सुरू झाले. २०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतनगरी म्हणून मान दिला, त्याच्यामागे अशी किती घरे आणि किती पहाटेचे रियाज उभे आहेत! गाईडने खिशातून लहानशी वही काढली आणि ही नावे लिहून घेतली. "हमें किसी ने बताया ही नहीं," तो म्हणाला. तो उगीच बोलत नव्हता. आपण तरी कोणाला कधी सांगितले?

खालचे मजले

मानमंदिराच्या पोटात दोन तळमजले आहेत. उन्हाळ्यात राजस्त्रियांनी गारव्याला बसावे, म्हणून त्या खोल्या केल्या होत्या असे सांगतात. पुढे मोगलांनी हा किल्ला राजबंद्यांचा तुरुंग केला. औरंगजेबाचा धाकटा भाऊ मुराद ह्याला इथेच ठेवून १६६१ साली ठार करण्यात आले. दाराचा मुलगा सुलेमान शुकोह ह्याला अफूचे पाणी पाजून झिजविले आणि १६६२ साली तोही इथेच संपला. शिखांचे गुरू हरगोविंद यांना जहांगिराने ह्या किल्ल्यात ठेवले होते. सुटताना ते बावन्न राजबंद्यांना बरोबर सोडवून घेऊन गेले, अशी शिखांची श्रद्धा आहे. किल्ल्यावरील 'दाता बंदी छोड' गुरुद्वारा त्याचीच आठवण. तळमजल्यातील त्या गोल दालनात मुले आपोआप हळू बोलू लागली. जवळच जोहर कुंड आहे. अल्तमशाने १२३२ साली किल्ला घेतला तेव्हाच्या जोहाराची ती जागा. नात तिथे बराच वेळ उभी राहिली आणि काही बोलली नाही.

"फिर आए मराठा," गाईड पुढे म्हणाला.

"कैसे आए?" नातवाने विचारले.

"लड़कर, बेटा. यहाँ सब लड़कर ही आए."

हे ऐकून मला क्षणभर बरे वाटले नाही. मराठे आले म्हणजे जणू घरचे लोक घरी आले, असे आपल्या मनात कुठेतरी असते. पण गाईडचे म्हणणे खरे होते. ह्या किल्ल्याने अठराव्या शतकात किती हात पाहिले! ३ ऑगस्ट १७८० च्या रात्री इंग्रजांचा अधिकारी पॉपहॅम याने गोहदच्या राण्याच्या माणसांनी दाखविलेल्या वाटेने, शिड्या लावून आणि शिपायांच्या पायांत कापूस भरलेले जोडे घालून किल्ला घेतला. महादजी शिंद्यांनी तो १७८३ मध्ये परत मिळविला. १८०४ मध्ये तो पुन्हा इंग्रजांकडे गेला, १८०५ च्या तहाने परत आला. १८५८ नंतर पुन्हा इंग्रजांची ठाणी बसली, ती १८८६ मध्ये झाशीच्या बदल्यात उठली. किल्ला कोणाचाच नव्हता, आणि प्रत्येकाने तो आपलाच मानला.

सहस्रबाहू मंदिरापाशी, ज्याला लोक सास-बहूचे देऊळ म्हणतात, मुलांना सासूसुनेच्या दोन देवळांची गोष्ट ऐकून फार गंमत वाटली. महिपाल ह्या कच्छपघात राजाने १०९३ साली पुरे केलेले ते विष्णूचे मंदिर. नावाचा अपभ्रंश होऊन सासूसून अवतरल्या असाव्यात. तेली मंदिर ही किल्ल्यावरील सर्वांत उंच वास्तू. तिच्या नावाविषयी अजून एकमत नाही. उतरताना उरवाईच्या खडकांतील तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती दिसल्या. तोमरांच्या काळी, पंधराव्या शतकात त्या कोरल्या गेल्या. १५२८ साली इथे आलेल्या बाबराने त्या विद्रूप करण्याची आज्ञा दिल्याचे स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढे श्रद्धाळूंनी अनेक मुखे पुन्हा घडविली. ही शेवटची गोष्ट गाईडने सांगितली नाही. पण डोळे उघडे ठेवले तर निराळ्या रंगाच्या चुन्यावरून ती दिसते.

झुंबराखाली

दुपारी जेवण करून जयविलास राजवाडा पाहिला. जयाजीराव शिंद्यांनी तो १८७४ साली मायकेल फिलोज ह्याच्याकडून बांधवून घेतला. त्याच्या एका भागात १९६४ पासून संग्रहालय आहे. दरबार दालनातील दोन अवजड झुंबरे टांगण्यापूर्वी छताची ताकद पाहण्यासाठी वर हत्ती चढविले होते, ही कथा इथला प्रत्येक गाईड सांगतो. जेवणाच्या मेजावर मद्य आणि चिरूट फिरविणारी चांदीची आगगाडीही मुलांनी डोळे विस्फारून पाहिली. २०२२ साली इथे मराठ्यांच्या इतिहासाचे एक दालनही उघडले आहे. त्याविषयी अधिक लिहीत नाही. ते समक्ष पाहावे.

बाहेर आल्यावर मावशी ओट्यावर बसली आणि म्हणाली, "त्या झुंबराखाली आपले कोणी बसले नव्हते, बरं का. माझे आजोबा दप्तरात मोडी लिहीत. महिन्याचा पगार आला की आजी पहिल्यांदा तांदूळ भरून ठेवी."

तेव्हा आमच्या गावाचे नाव मला जणू पहिल्यांदा ऐकू आले. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेस आपल्या फौजेचा तळ दिला. लष्कराचा तळ म्हणून त्या जागेला लष्कर म्हणू लागले. तळ आज ना उद्या उठावयाचा असतो. पण हा उठला नाही. तंबूंच्या जागी भिंती आल्या, भिंतींच्या आत तुळशीवृंदावने आली, गल्ल्या झाल्या, गणपती बसू लागले. शिपाई, कारकून, भिक्षुक, गवई, वैद्य आणि त्यांच्या मागून आलेल्या, इथली हवा न मानवणाऱ्या आणि तरीही इथे राहिलेल्या बायका : हे आपले लोक. त्यांच्या वस्तू कोणत्याही काचेच्या कपाटात ठेवलेल्या नाहीत.

समाधीपाशी

दिवस कलताना फुलबागेजवळ राणी लक्ष्मीबाईच्या समाधीपाशी गेलो. राणीचा अश्वारूढ पुतळा आहे. जून महिन्यात इथे मोठा मेळा भरतो. १ जून १८५८ रोजी रावसाहेब पेशवे, तात्या टोपे आणि राणी ह्यांनी ग्वाल्हेर घेतले. पुढे दोनच आठवड्यांनी कोट्याच्या सराईजवळ लढताना राणी पडली. तो दिवस १७ जूनचा की १८ चा, ह्यावर मतभेद आहेत. गंगादास बाबांच्या मठातील साधूंनी तिच्या देहाला इंग्रजांचा हात लागू दिला नाही, असे गाईडने सांगितले, आणि तो थोडा थांबला.

नातवाने विचारले, "मग शिंदे महाराजांनी तिला मदत का नाही केली?"

गाईडने इकडे तिकडे पाहिले. असल्या प्रश्नाला उत्तर न देणे त्याच्या धंद्याच्या सोयीचे असते, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. उत्तर मावशीने दिले. जयाजीराव आणि त्यांचे दिवाण दिनकरराव राजवाडे इंग्रजांच्या बाजूला राहिले. महाराज सैन्य घेऊन सामोरे गेले, पण बहुतेक सैन्यच बंडवाल्यांना मिळाले आणि महाराजांना आग्र्याला निघून जावे लागले. इकडे राणी, रावसाहेब, तात्या. "दोन्हीकडे मराठी माणसेच होती, बाळा," ती म्हणाली. "आमच्या घरातही तसेच. आजोबांनी सरकारचे मीठ खाल्लेले. ते ह्या विषयावर कधी बोलत नसत. आणि आजी दर वर्षी जूनमध्ये पहाटे एकटी इथे येऊन फूल ठेवून जाई. आजोबांना ते ठाऊक होते. त्यांनी एकदाही विचारले नाही."

मला ही गोष्ट ठाऊक नव्हती. माझे वय आज साठीच्या घरात आहे. ज्या घरात मी वाढले त्याच घरातली ही गोष्ट, आणि ती कळण्यासाठी वडोदऱ्याहून पाहुणे यावे लागले, वर एक गाईड लावावा लागला. गाईडनेही टोपी काढून हातात घेतली होती. त्याच्या सांगण्यात नसलेले काही आज त्याला मिळाले, आणि मलाही.

निरोप घेताना त्याने ठरलेल्यापेक्षा जास्त पैसे घेण्याचे नाकारले. मग थट्टेने नातवाला म्हणाला, "तो बताओ, असल में कहाँ के?"

मुलाने थोडा विचार केला. "दादी लश्कर की, मैं बड़ौदा का, और घर में बोलते मराठी हैं," तो म्हणाला. मला साठ वर्षांत न सुचलेले उत्तर त्याला एका दिवसात सुचले.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी

एका दिवसात किल्ला, जयविलास आणि समाधी एवढे होते. तानसेनाची कबर आणि गुजरी महालातील संग्रहालय यांना दुसरा दिवस ठेवावा. हिवाळ्यात सकाळी लवकर निघावे, वृद्धांना उरवाईकडून मोटारीने न्यावे, पाणी बरोबर ठेवावे. संग्रहालये आठवड्यातून एक दिवस बंद असतात; आधी चौकशी करावी. गाईड परवानाधारक घ्यावा आणि मोबदला आरंभीच ठरवावा. तो सांगेल ते आदराने ऐकावे, पण 'हे कशावरून?' असे मुलांना विचारू द्यावे. चांगल्या गाईडला त्याचा राग येत नाही.

आणि शक्य असेल तर घरातील एक वडील माणूस अवश्य बरोबर न्यावे. राजांच्या गोष्टी गाईडला पाठ असतात. आपल्या घरच्या गोष्टी फक्त त्यांनाच ठाऊक आहेत, आणि त्या सांगण्याचा परवाना दुसऱ्या कोणाला मिळत नाही.